आठवीनंतरची शाळा

शिक्षण हक्क कायदा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेला आरटीई, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे आणि तो आठवीला संपतो. बहुतेक घरांत ही रेष कुणाच्या लक्षातही येत नाही. मूल नववीत जातं, नवी पुस्तकं येतात, क्लासची चौकशी सुरू होते. ऑटिझम असलेल्या मुलाच्या घरात मात्र सातवीच्या दिवाळीपासूनच आई-बाबा आठवीनंतरचं बोलू लागतात आणि ते बोलणं दर वेळी एकाच प्रश्नापाशी अडतं: पुढे कुठे?

नवी मुंबईत हा प्रश्न घेऊन फिरणाऱ्या पालकांशी गेले काही महिने बोलते आहे. ऐरोलीपासून खारघरपर्यंत त्यांची हकिगत जवळपास सारखी आहे. चौथीपर्यंत बरं चाललेलं असतं. दिवसभर एकच बाई वर्गावर असतात. मूल अस्वस्थ झालं की कानांवर हात ठेवतं, त्याला खिडकीजवळ बसवलं की शांत होतं, हे त्यांना ठाऊक झालेलं असतं. पाचवीपासून प्रत्येक तासाला नवे शिक्षक येतात. सातवी-आठवीत ते सात-आठ जण होतात आणि त्यांपैकी एकालाही त्या मुलाची पुरती ओळख नसते. मग एक दिवस मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बोलावणं येतं. चहा येतो. ‘नववीचा अभ्यास त्याला झेपणार नाही हो, तुमच्या भल्यासाठीच सांगतो.’ काढून टाकलं, असं कुठेही लिहिलं जात नाही. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, असा अर्ज पालकच स्वतःच्या सहीने देतात. पुढे तक्रार करायला गेलं तर तोच कागद समोर ठेवला जातो. म्हणून दाखल्याचा अर्ज घाईने लिहू नये, हे मला या लेखात सर्वांत आधी सांगायचं आहे.

शाळांच्या या घाईमागचं कारण उघड आहे. दहावीचा निकाल लागला, की फाटकावर शंभर टक्के निकालाचे, हसऱ्या फोटोंचे बॅनर लागतात. सिडकोने नव्या शहराच्या आराखड्यात प्रत्येक नोडमध्ये शाळांसाठी भूखंड राखले, त्यावर मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि एकाच सेक्टरमध्ये तीन-तीन शाळा एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. ज्याचा निकाल आधी सांगता येत नाही असा विद्यार्थी त्या स्पर्धेत धोक्याचा ठरतो. त्यात २०२३पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालेल्याला पुनर्परीक्षा मिळते आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात बसवता येतं. आठवीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांच्या पालकांची धास्ती यामुळे आणखी वाढली आहे.

आरटीई संपला म्हणजे कायदा संपला, असं पुष्कळ पालक समजतात, आणि शाळा त्यांची ही समजूत दुरुस्त करायला जात नाहीत. पण त्यापुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आहे; तो २०१६चा, एप्रिल २०१७पासून लागू झालेला. त्यातल्या दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत ऑटिझम स्वतंत्रपणे आहे. १९९५च्या जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांत तो नव्हता. त्यामुळे एक अख्खी पिढी ‘मतिमंद’ या शिक्क्याखाली किंवा कुठल्याच शिक्क्याविना शिकली, किंवा शिकायची राहिली. नव्या कायद्याचं कलम ३१ सांगतं, की चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेला लागू होतं. भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, असं ते म्हणतं. सीबीएसई असो, राज्य मंडळ असो, खासगी असो, मान्यता घेतली की ही जबाबदारी आलीच. ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ हे वाक्य म्हणूनच शाळेचं उत्तर होऊ शकत नाही. सोय करणं हेच तिचं काम आहे.

या हक्कांसाठी लागतं ते प्रमाणपत्र. बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या हैदराबाद-सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ‘आयसा’ ही चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी त्यासाठी वापरतात. तपासणी झाली की यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, मिळतं. नवी मुंबईत यात एक गुंतागुंत आहे, ती बाहेरच्या माणसाला कळत नाही. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात, महापालिका नवी मुंबईची. बेलापूर ओलांडलं की खारघर, कामोठे, कळंबोली; तिथे जिल्हा रायगड आणि २०१६पासून महापालिका पनवेलची. हार्बर लाइनवर बेलापूरनंतरचं पुढचंच स्टेशन खारघर. पण तिथलं मूल दुसऱ्या जिल्ह्याचं होतं, त्याचं जिल्हा रुग्णालय अलिबागला असतं, शिक्षणाधिकारी वेगळे असतात. त्याच राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र खारघरमध्येच आहे, तपासणी आणि मार्गदर्शन तिथे मिळतं. तरीही कागदाची वाट जिल्ह्यावरूनच जाते. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. २००७पासून चालू असलेलं हे केंद्र महापालिकेने स्वतः उभारलं आणि चालवलं, ही अभिमानाची गोष्ट आहे. राज्यातल्या किती महापालिकांनी दिव्यांग मुलांच्या शिक्षणाला इतकं मनावर घेतलं आहे?

प्रमाणपत्र काढायला पालक कचरतात. नातेवाईक काय म्हणतील, मोठ्या बहिणीचं लग्न ठरताना अडेल का, मुलावर कायमचा शिक्का बसेल का. मला ही भीती समजते, पण पटत नाही. परीक्षेतल्या सवलती, उच्च शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण, सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांपैकी ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आदी गटांसाठी असलेला एक टक्का, हे सगळं त्या एका कागदावर अवलंबून आहे. तो आठवीच्या आधी हातात असावा. दहावीचा फॉर्म भरताना धावाधाव करणाऱ्यांची वर्षं वाया जातात.

आता शाळा बघायला जायचं. पालक जातात आणि कॉम्प्युटर लॅब, स्विमिंग पूल, वातानुकूलित वर्ग बघून परततात. माझं म्हणणं असं, की निकाल, बोर्ड आणि इमारत बाजूला ठेवून त्या शाळेतला एक दिवस बघा. या मुलाचा दिवस तिथे कसा जाईल, याचा अंदाज आल्याशिवाय फी भरू नका.

ऑटिझम असलेलं मूल अभ्यासाच्या तासाला क्वचितच कोसळतं. कोसळतं ते मधल्या वेळात. तास संपल्याची घंटा, लगेच बाक सरकल्याचे आवाज, जिन्यावरची ढकलाढकली, मधल्या सुट्टीतला डब्यांचा मिश्र वास, पी.टी.ची शिट्टी, स्वच्छतागृहातली ओल आणि रांग. खारघरच्या एका कुटुंबातला तेरा वर्षांचा मुलगा इंग्रजीचे उतारे सफाईने वाचतो. घंटा वाजली की मात्र बाकाखाली जातो. त्याचे दोन डबे असतात, कारण पोळीला भाजीचा रस लागलेला त्याला चालत नाही. दुसऱ्या कुणी त्या डब्याला हात लावला तर त्या दिवशी तो जेवत नाही, आणि न जेवता दुपारचे तास त्याला पेलत नाहीत. शाळेच्या नोंदीत हे ‘वर्गात लक्ष नाही’ असं उतरतं. त्याच्या आईने नव्या शाळा बघायला सुरुवात केली तेव्हा ती मुद्दाम मधल्या सुट्टीत जायची. मला ही फार शहाणपणाची गोष्ट वाटली. मधली सुट्टी पाहिली की शाळेविषयी माहितीपत्रकातून कधी न कळणारं कळतं: एकटं बसलेल्या मुलाजवळ कुणी मोठं माणूस जातं का, चिडवाचिडवी चालली असेल तर शिक्षकांची नजर तिकडे असते का, आणि मुलाला गर्दीतून बाजूला व्हायचं असेल तर जागा कुठे आहे. ग्रंथालय सुट्टीत उघडं असतं का, हा एक प्रश्न मी प्रत्येक पालकाला विचारायला सांगेन. उघडं असलं तर अर्धं काम झालं.

दुसरं बघायचं ते शिक्षकांचं बोलणं. यांतल्या पुष्कळ मुलांना बोलणं शब्दशः कळतं. ‘चला, हात चालवा’ असं सरांनी म्हटलं की मुलगा खरंच हात हलवतो, वर्ग हसतो आणि सरांना वाटतं आपली थट्टा केली. सूचना छोट्या, एकेक करून, फळ्यावर लिहून देणारे शिक्षक असतील तर मुलाचं निम्मं ओझं उतरतं, आणि यासाठी शाळेला एक रुपयाही लागत नाही. वेळापत्रक आदल्या दिवशी कळणं, बदली शिक्षक येणार असतील तर ते आधी सांगणं, बसायची जागा वर्षभर तीच ठेवणं, हे सगळं असंच बिनखर्चाचं आहे. ‘तुमचा मुलगा चिडतो तेव्हा तुम्ही काय करता?’ असं आपण होऊन विचारणारी शाळा मिळाली तर तिच्या इमारतीचा रंग कसाही असो.

स्पेशल एज्युकेटर आहे का, हे विचारायचंच. पण नुसतं ‘आहे’ या उत्तरावर थांबायचं नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का, ती व्यक्ती पूर्ण वेळ शाळेत असते की आठवड्यातून एकदा येते, आणि तिच्याकडे किती मुलं आहेत? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. मार्च २०२५मध्ये न्यायालयाने राज्यांना ही पदं निश्चित करून भरायला पुन्हा बजावलं. पुन्हा बजावावं लागलं, यातच परिस्थिती कळते. राज्यात समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक अनेक शाळांमध्ये फिरत काम करतात. एका शाळेत ते पोहोचेपर्यंत त्या मुलाचा अवघड दिवस होऊन गेलेला असतो.

ही पोकळी पालक स्वतःच्या खिशातून शॅडो टीचर ठेवून भरतात. काही शाळा तर प्रवेशाची अटच तशी घालतात: शॅडो आणा, पगार तुम्ही द्या. शाळेने करायच्या सोयीचा खर्च असा पालकांवर ढकलणं अन्यायाचं आहे. शिवाय माध्यमिकच्या वयात सावलीसारखं मोठं माणूस शेजारी बसलं की वर्गातली मुलं त्या मुलाशी बोलणंच सोडतात, त्या बाईंशी बोलतात. शॅडो लागलीच तर ती कधी आणि कशी कमी करत न्यायची, हे पहिल्याच महिन्यात ठरलं पाहिजे.

बोर्डाचा प्रश्न पालकांना सर्वांत मोठा वाटतो. मला तो दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो, पण टाळता येत नाही. राज्य मंडळात दिव्यांग विद्यार्थ्यांना प्रवर्गानुसार जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, भाषेतली सूट, गणिताऐवजी सोपं अंकगणित अशा सवलती आहेत. त्यांचे प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात, आणि मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीतच आहे. इथल्या पालकांना हा एक फायदा आहे, चौकशीसाठी पुण्याला जावं लागत नाही. नववीच्या सुरुवातीलाच शाळेकडे लेखी मागणी करावी. सवलत मिळूनही ती वापरायची सवय नसेल तर उपयोग होत नाही. लेखनिकाला सांगून उत्तर लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, ते घटक चाचण्यांपासून घडवावं लागतं. सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, दोनऐवजी एकच भाषा घेता येते, चित्रकला, संगीत, गृहविज्ञानासारखे विषय निवडता येतात आणि २०२०च्या परीक्षेपासून दहावीला सोपं ‘बेसिक’ गणितही आहे.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, हा या मुलांसाठी मोठा आधार आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. पाच विषय, त्यांत किमान एक भाषा. गणित आणि विज्ञान सक्तीचं नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय सोडवत जाता येतं. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय आहेत. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही देता येतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून देण्याचा जुना मार्ग आहेच. यांतलं काहीही कमी प्रतीचं नाही, आणि ‘एनआयओएस म्हणजे नापासांचं बोर्ड’ म्हणणाऱ्या नातेवाइकांकडे दुर्लक्ष करावं. मला काळजी वाटते ती दुसरीच. मुक्त विद्यालय परीक्षा घेतं, दिवस देत नाही. सकाळी उठून आवरायचं, दप्तर घ्यायचं, बसमध्ये बसायचं, वीस मुलांत राहायचं, हे सगळं एकदम थांबतं आणि चौदा वर्षांचा मुलगा चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आईबरोबर उरतो. आईची नोकरी आधीच सुटलेली असते. म्हणून एनआयओएस घ्यायचं तर ते एखाद्या केंद्रात किंवा शाळेत बसून घ्यावं, जिथे रोज जायचं आहे.

भाषेविषयी थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण याबाबत पालकांना फार चुकीचे सल्ले मिळतात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, थेरपी हिंदी-इंग्रजीत, म्हणून मूल बोलत नाही, तेव्हा घरातलं मराठी बंद करा, असं कितीतरी आयांना सांगण्यात आलं. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं आजवरच्या संशोधनातून दिसलेलं नाही. घरातलं मराठी थांबलं की आजी-आजोबांशी असलेलं बोलणं तेवढं थांबतं. इंग्रजी माध्यमाच्या साठ मुलांच्या वर्गात गुदमरणाऱ्या मुलासाठी जवळची मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा जरूर बघावी, हेही मी आग्रहाने सांगते. पट कमी झाल्यामुळे या शाळांची चिंता आपण सगळेच करतो. पण वीस-पंचवीस मुलांचा वर्ग, वर्षानुवर्षं त्याच शाळेत असलेले शिक्षक, घरची भाषा आणि चालत जाण्याइतकं अंतर, हे या मुलाला हवं असलेलं जवळपास सगळं तिथे असू शकतं. आठवीत माध्यम बदलणं सोपं नाही, त्यामुळे हा विचार पाचवीला करावा. पटाअभावी शाळा बंद पडू नयेत यासाठी झगडणाऱ्यांनी या मुलांचे पालक आपल्या बाजूला घ्यावेत.

काही मुलांना सामान्य शाळा खरोखरच सोसत नाही. त्यांच्यासाठी विशेष शाळा आहेत. सीबीडी बेलापूरला स्वामी ब्रह्मानंद प्रतिष्ठानची आहे, ठाण्याला महापालिकेची जिद्द शाळा आहे. विशेष शाळा घेणं म्हणजे हार मानणं नव्हे. तिथेही दिवस बघावा. मुलं मणी ओवत बसलेली दिसली तर पुढे त्यातून काय, असं विचारावं. अठराव्या वर्षी बहुतेक ठिकाणी शाळा संपते, मग कार्यशाळेची सोय आहे का? वयात येतानाचं शिक्षण देतात का? पाळीच्या दिवसांत काय करायचं, दाढी कशी करायची, कुणी अंगाला हात लावला तर काय म्हणायचं, हे या मुलांना पायरी-पायरीने आणि चित्रांनी शिकवावं लागतं, आणि ते शिकवायचं वय हेच आहे. सामान्य शाळा तर हा विषय काढतच नाहीत. मुलींच्या बाबतीत हे मौन फार महाग पडतं. मुली आपली अडचण झाकून घ्यायला लवकर शिकतात, म्हणून त्यांचं निदान उशिरा होतं. शहाणी, शांत मुलगी म्हणून कौतुक झालेली मुलगी नववीत अचानक शाळेत जायचंच नाकारते.

नवी मुंबईतून परदेशी गेलेले नातेवाईक तिकडचं सांगतात तेव्हा इथल्या पालकांचा जीव खालीवर होतो. इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्याने मुलाची शिक्षण-आरोग्य-संगोपन योजना लेखी होते, पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू शकते आणि तिच्यात शाळेचं नावच लिहिलेलं असतं. अमेरिकेत सोळाव्या वर्षापर्यंत, शाळा संपल्यावर काय, याची आखणी सुरू करावी लागते. तिथेही विलंब आहेत, अपिलं आहेत, पालक थकतात. तरी एक फरक मोठा आहे: मुलाला काय लागतं हे तिथे कागदावर असतं आणि त्या कागदाला कायद्याचं बळ असतं. आपल्याकडे ते सगळं आईच्या डोक्यात असतं.

खारघरच्या त्या आईने ते कागदावर उतरवलं. एकच पान. मुलाला काय छान येतं, कशाने बिथरतो, बिथरला तर काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, डबा कसा, घंटेच्या आधी दोन मिनिटं सांगितलं तर काय फरक पडतो. खाली यूडीआयडी क्रमांक आणि कलम १६चा उल्लेख. एका शाळेने पान वाचलंच नाही. दुसरीने वाचून ‘बघू’ म्हटलं. तिसऱ्या, लहानशा शाळेत पर्यवेक्षिका ते पान घेऊन शिक्षकखोलीत गेल्या आणि विषयशिक्षकांना दाखवून आल्या. प्रवेश तिथे घेतला. तुमच्या मुलाचं असं पान या सुट्टीत लिहून काढा, डिसेंबरात शाळांचे अर्ज निघतील तेव्हा त्याला जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेची तारखेसह पोच घ्या. नकार आला तर तो लेखी मागा. तो लेखी मिळाला, किंवा मागूनही मिळाला नाही, तर पोच असलेली ती प्रत घेऊन आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथे दाद नाही लागली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं.